दहा सेकंद आधी

सायकलच्या दुकानात पिल्लूवरून वाद जुंपला की मिस्त्री ठिगळाचं सोल्युशन वाळायची वाट बघत नसे. घाईत लावलेलं ते ठिगळ दुसऱ्या दिवशी निघे आणि गिऱ्हाईक सायकल ढकलत परत येई. मिस्त्री एवढंच म्हणे, "काल मास्तर आले होते." गिऱ्हाईक समजून घेई, कारण हा वाद अख्ख्या गल्लीला तोंडपाठ होता.

पिल्लू म्हणजे निळ्या संघाचा अठरा वर्षांचा आघाडीचा खेळाडू. त्याचं खरं नाव घेताना प्रत्येकाची जीभ वेगळ्या ठिकाणी अडखळायची, म्हणून दुकानाने आपलं सोयीचं नाव ठेवलं होतं. मिस्त्रीच्या मते असा खेळाडू शंभर वर्षांत एकदा होतो. मास्तरांनी पस्तीस वर्षं भूगोल शिकवला होता आणि वर्गात हुशार वाटलेली बरीच मुलं पुढे साधी निघालेली पाहिली होती.

"मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, मास्तर. याचे तर टीव्हीवर दिसतायत."

"पाय दिसतात. डोकं कुठे दिसतंय? तुम्ही सगळे मिळून त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवा. पडला की मला बोलवा."

"काका, तुम्ही सांगा. हिरा आहे की नाही?"

काका म्हणजे निवृत्त कंपाउंडर. ते कोपऱ्यातल्या जुन्या मोटारीच्या सीटवर बसत आणि म्हणत, "बरोबर आहे." मग मास्तर विचारत, "कंपाउंडर, फुगा आहे की नाही?" काका म्हणत, "बरोबर आहे." त्यांना ऐकू फार कमी येई, आणि आयुष्यभर डॉक्टरांच्या हाताखाली काम केल्यामुळे न कळलेल्या गोष्टीला होकार द्यायची सवय होती. परिणामी दोन्ही बाजू त्यांना आपल्यातला एक धरत होत्या.

त्यांच्या मुलीला हे ठाऊक होतं. ती ग्रंथालयात काम करायची आणि येता-जाता दुकानात डोकवायची. पूर्वी सामन्याच्या दिवशी तिची आईही तिथे येई. सीटशेजारी खोकं पालथं घालून, विणकाम मांडीवर घेऊन बसे आणि बाबांच्या कानाशी लागून सामना सांगे. फुटबॉलमधलं तिला काही म्हणजे काही कळत नसे. "निळ्याने मारला," ती सांगे. "कोणाला?" बाबा विचारत. "ते नाही दिसलं. पण जोरात मारला."

आई गेली आणि बाबांचं दुकानात जाणं बंद झालं. वर्षभर ते खिडकीशी बसून होते. स्पर्धा आठवड्यावर आली तेव्हा मुलीने त्यांना श्रवणयंत्र आणून दिलं. पहिले दोन दिवस त्यांना फक्त घरातला फ्रीज ऐकू आला. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "दुकानात तो हवेचा पंप, त्यात ते दोघं, त्यात टीव्ही. मला काय कळणार? राहू दे."

यावर तिने तोडगा काढला. आपला जुना फोन त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवला, त्यावर रेडिओचं धावतं वर्णन लावलं आणि फोन यंत्राला जोडून दिला. माणसंही ऐकू येतील, सामनाही. समजावून सांगायचा कंटाळा म्हणून ती म्हणाली, "टीव्हीचा आवाज आता थेट कानात येईल, बाबा." एवढंच एक वाक्य ती आळसाने बोलली, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

पहिल्या सामन्यात विसाव्या मिनिटाला बाबा सीटवरून अर्धवट उठले आणि हळहळले, "अरेरे, खांबाला लागला."

सगळ्यांनी टीव्हीकडे पाहिलं. चेंडू अजून मैदानाच्या मध्यावर होता.

"काका, डुलकी लागली का?" मिस्त्रीने विचारलं. तेवढ्यात पिल्लूने चेंडू घेतला, दोघांना चकवलं, फटका मारला आणि चेंडू खणकन खांबावर आदळला. मिस्त्रीच्या हातातला पाना खाली पडला.

"योगायोग," मास्तर म्हणाले.

उत्तरार्धात काकांनी एक कॉर्नर, एक पिवळं कार्ड आणि पिल्लूचा गोल, तिन्ही आधी सांगितली. शेवटची दहा मिनिटं पाववाल्याने खुर्ची फिरवून घेतली आणि टीव्हीऐवजी काकांचं तोंड बघत बसला. त्यात लवकर कळतं, असं त्याचं म्हणणं होतं.

घरी आल्यावर बाबा बूट काढता काढता काळजीने म्हणाले, "कान सुधारले, पण डोळे गेले गं. प्रत्येक गोष्ट मला दहा सेकंद उशिरा दिसते. उद्या डोळे तपासून घेतो."

मुलीच्या हातातला पेला हातातच राहिला. तिने स्वयंपाकघरात रेडिओ लावून पाहिला, टीव्हीवर पुनःप्रसारण नव्हे तर दुसरा चालू सामना लावला, आणि कपाळावर हात मारला. रेडिओ टीव्हीच्या बरोबर दहा सेकंद पुढे होता. सांगून टाकावं म्हणून ती बाहेर आली, तर दारात मिस्त्री उभा. वीस वर्षांत तो कधी घरी आला नव्हता. त्याने हात धुतले होते, हे आणखी नवल.

"काका, परवा लवकर या. सीटला नवीन कव्हर घालतोय."

बाबांच्या चेहऱ्यावर वर्षभराने हसू आलं. मुलीने तोंड उघडलं आणि पाणी पिऊन मिटून टाकलं.

मग गाडी उताराला लागली. दुसऱ्या सामन्याला दहा माणसं, तिसऱ्याला तीस. मिस्त्रीने टीव्हीचा आवाजच बंद करून टाकला. "काका असताना त्या निवेदकाची कटकट कशाला?" दुकानाची पद्धतही ठरून गेली: आधी काकांकडे बघायचं, काका बोलले की वळून टीव्हीवर खात्री करून घ्यायची. पोस्टमन पत्रं वाटायच्या वेळेतून वेळ काढून यायला लागला. लोक सामन्याशिवायचे प्रश्नही आणू लागले. पाववाल्याने विचारलं, नवी भट्टी घेऊ का? एका शिंपिणीने विचारलं, धाकट्या बहिणीने धरलेली नोकरी टिकेल का? बाबांनी चाळीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीत जे सांगितलं होतं तेच सगळ्यांना सांगितलं: "सकाळ-संध्याकाळ लक्ष ठेवा. तीन दिवसांत फरक पडला नाही तर कळवा." हे उत्तर कशालाही लागू पडतं, हे त्या गल्लीच्या तेव्हा लक्षात आलं.

गावातल्या फुटबॉल क्लबाचे चिटणीस तर रोज फोन करू लागले. "तुम्ही नुसते मैदानावर येऊन बसा. कोणता खेळाडू पुढे जाईल एवढं बोटाने दाखवा."

मुलगी रात्रंदिवस धास्तावलेली. हे उघडं पडलं तर लोक हसतील. हसतील त्याचंही काही नाही, पण बाबा पुन्हा खिडकीशी जाऊन बसतील. तिने एकदा खडा टाकून पाहिला.

"बाबा, डोळ्यांचं काय झालं?"

"उत्तम आहेत म्हणाला चष्मेवाला."

"मग... उशिरा दिसतं ते?"

"वयोमान," बाबा म्हणाले आणि वर्तमानपत्रात शिरले.

निळा संघ अंतिम सामन्यात पोचला आणि मिस्त्री-मास्तरांचा वाद टोकाला गेला. ठरलं असं, की अंतिम सामन्यानंतर काकांनी निकाल द्यायचा, पिल्लू हिरा की फुगा. दुकानाबाहेर 'हवा, पंक्चर, ग्रीस' असा फळा होता, त्याच्याखाली तो खडूने लिहायचा. हरणाऱ्याने वर्षभर पिल्लूचं नाव काढायचं नाही.

"घोडामैदान जवळच आहे," मास्तर म्हणाले.

"मैदान माझं, घोडाही माझाच," मिस्त्री म्हणाला.

त्या संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सायकली रस्त्यावर काढून ठेवल्या होत्या. मुलगी आली तेव्हा बसायला एकच जागा मोकळी होती, सीटशेजारचं पालथं खोकं. तिथे कोणी बसलं नव्हतं. ती क्षणभर थांबली, मग त्यावर बसली.

सामना बरोबरीत चालला होता. काका नेमाने सांगत होते, लोक नेमाने वळत होते. पंच्याऐंशीव्या मिनिटाला काकांनी सांगितलं, "पिल्लूला पाडलं. पेनल्टी." सगळे वळले, पिल्लूला पडताना पाहिलं आणि परत काकांकडे फिरले. पिल्लूच स्वतः पेनल्टी घेणार होता. मास्तरांनी चष्मा पुसला. मिस्त्रीने नुसताच पाना घट्ट धरला.

काका गप्प होते.

मुलीने पाहिलं, त्यांचा हात हळूच खिशाकडे गेला. फोन काळा पडला होता. दिवसभरात चिटणिसांचे अकरा फोन येऊन गेले होते. बॅटरीने शेवटी मान टाकली होती.

"काका," मिस्त्री कुजबुजला, "सांगा ना."

चाळीस माणसं श्वास रोखून काकांकडे बघत होती. टीव्ही त्यांच्या पाठीशी होता, तोही मुका. पडद्याकडे तोंड असलेली माणसं त्या दुकानात फक्त दोन. मुलीने आपोआप वाकून बाबांच्या कानाशी तोंड नेलं. "निळा पळत येतोय," ती म्हणाली, आणि आपण कोणाच्या आवाजात बोललो ते तिला कळलं. बाबांनी तिच्या हातावर हात ठेवला.

पिल्लूने फटका मारला. गोलरक्षक झेपावला.

"अडवला," बाबा म्हणाले.

मास्तरांनी दोन्ही हात वर केले. "बोललो नव्हतो? बोललो न..."

चेंडू उसळून परत पिल्लूकडेच आला होता. त्याने तो डोक्याने आत ढकलला.

"गेला," बाबा म्हणाले.

आता मात्र चाळीस माणसं एकदम वळली. पडद्यावर प्रेक्षक नाचत होते. पण प्रेक्षक काय, दोन तास नाचतच होते. मग पिल्लू दिसला. चेंडूकडे धावत निघालेला, अगदी सावकाश.

"इतका हळू का पळतोय?" पोस्टमनने विचारलं.

"दडपण," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "अंतिम सामना आहे. मी म्हणतच होतो, याला दडपण झेपत नाही."

सावकाश फटका बसला, सावकाश गोलरक्षकाने तो अडवला, सावकाश चेंडू परत आला आणि पिल्लूने तो तितक्याच सावकाशीने आत घातला. दुकान कोसळल्यासारखा आवाज झाला. लगेच तोच गोल दुसऱ्या बाजूने दाखवला, तेव्हा मास्तर जाणकाराच्या सुरात म्हणाले, "हे पुन्हा दाखवतायत."

"या वेळी तर पुरी वीस सेकंदं आधी," पाववाला घड्याळाकडे बघत म्हणाला. "काकांची ताकद वाढतेय."

मुलीने ओढणीत तोंड लपवलं. ती हसत होती की काय करत होती, हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं.

निळे जिंकले. मिस्त्रीने खडू आणून काकांच्या हातात दिला. पिल्लूची पेनल्टी अडली होती, म्हणून मास्तर निश्चिंत होते. गोल झाला होता, म्हणून मिस्त्री निश्चिंत होता. बाबांनी फळ्यासमोर उभं राहून चष्मा सारखा केला आणि औषधाच्या बाटलीवर लिहावं तशा नेटक्या अक्षरात लिहिलं:

'पिल्लू. वय १८. सकाळ-संध्याकाळ लक्ष ठेवावे. चार वर्षांनी कळवावे.'

"म्हणजे हिरा," मिस्त्री म्हणाला.

"म्हणजे अजून काही सिद्ध झालेलं नाही," मास्तर म्हणाले. "हो ना, कंपाउंडर?"

"बरोबर आहे," बाबा म्हणाले.

घरी जाताना रस्ता मोकळा होता. मुलीने पावलं मोजली, दिव्याचे तीन खांब जाऊ दिले आणि म्हणाली, "बाबा, मला एक सांगायचंय. तो आवाज टीव्हीचा नव्हता. रेडिओचा होता. रेडिओ..."

"दहा सेकंद पुढे असतो," बाबा म्हणाले.

ती जागीच थांबली.

"चष्मेवाल्याने डोळ्यांत काही खोट नाही म्हटलं, तेव्हाच शंका आली. घरी येऊन दोन्ही लावून बघितलं. अगं, कंपाउंडर आहे मी. रोग दिसायच्या आधी औषध लागू पडायला लागलं तर माणसाने बाटली तपासायला नको?"

"मग बोलला का नाहीत?"

"वीस वर्षं मी लोकांचं ऐकायची धडपड करतोय. पंधरा दिवस लोकांनी माझं ऐकलं, तर बिघडलं कुठे?" ते थोडं चालले. "तुझी आई मला गोल पाच मिनिटांनी सांगायची. तोही पुष्कळदा दुसऱ्याच संघाचा. मी बिनदिक्कत टाळ्या वाजवायचो. तेव्हाही चालूनच गेलं ना."

दाराशी आल्यावर तिने त्यांच्या खिशातून फोन काढून घेतला. "चार्जिंगला लावते. उद्या लागेल."

"उद्या कुठला सामना? स्पर्धा संपली."

"मग उद्या दुकानात जाणार नाही?"

"सहाला जायचंय. चार वर्षांत काय होईल त्यावर भांडायचं ठरलंय." बाबांनी कानातलं यंत्र काढून नीट डबीत ठेवलं आणि डबी तिच्यासमोर धरली. "याची बॅटरी बघ. फोन नको. भांडण थेट ऐकू येतं."