पोस्टमनकाका रस्ता ओलांडतात

पोस्टमनकाकांना एकट्याने रस्ता ओलांडता येत नाही, ही गोष्ट मुख्य चौकातल्या सगळ्यांना माहीत होती आणि ती साफ खोटी होती. उभी हयात पत्रं वाटत पायपीट केलेला माणूस तो. निवृत्तीनंतरही जिना चढताना पायऱ्या गाळायचा. पण बायको गेली, मुलगा लांबच्या शहरात रमला आणि घरात बोलायला रेडिओ तेवढा उरला. तोही समोरच्याचं ऐकून घेणाऱ्यातला नव्हे. एकेकाळी लोक दारात उभे राहून काकांची वाट बघायचे. आता कुणीच बघत नव्हतं, आणि ते त्यांना फार लागायचं.

एकदा पाव आणायला निघाले असताना चौकात एका मुलीने आपणहून त्यांचा हात धरला. "चला आजोबा, मी नेते." पलीकडे पोचेपर्यंत तिने नवी नोकरी, जुनी सासू आणि सासूचे गुडघे एवढं सगळं सांगून टाकलं. काका दिवसभर खुशीत होते. दुसऱ्या दिवशी ते कोपऱ्यावर मुद्दाम ताटकळले. मग थोडे वाकले. पुढे पाय ओढायला लागले, कारण जितकं सावकाश चालावं तितक्या गप्पा जास्त.

"काका, सकाळपासून तिसऱ्यांदा पाव?" कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने विचारलं. "खातं कोण एवढं?"

"भूक लागते हो हल्ली," काका म्हणाले आणि कण्हत पुढे सरकले.

अशातच एका टेम्पोने कुणाची तरी पिशवी उडवली, टोमॅटो रस्ताभर झाले आणि नगरपालिकेला जाग आली. चौकात पादचाऱ्यांसाठी सिग्नल बसवायचं ठरलं. मोजमापाला एक तरुण इंजिनिअर आला. दिवा किती वेळ हिरवा ठेवायचा याचा त्याचा हिशेब सोपा होता: सगळ्यात हळू चालणारा माणूस पार झाला की बाकीचे झालेच. असा माणूस शोधायला त्याला मान वळवावीसुद्धा लागली नाही.

"आजोबा, एकदा पलीकडे जाऊन दाखवता? पण एकट्याने हं. हात नाही धरायचा कुणी."

सरळ चालावं तर बिंग फुटणार. ते वाकले, पाय ओढू लागले, आणि सगळा चौक बघतोय म्हटल्यावर जरा जास्तच रंगले. मध्ये थांबून दमसुद्धा खाल्ला. इंजिनिअरने गहिवरून घड्याळाचं बटण दाबलं.

सिग्नल सुरू झाला आणि चौकाची पार दैना झाली. माणसं पलीकडे जाऊन, भाजी निवडून, घासाघीस करून परत आली तरी दिवा आपला हिरवाच. गाड्यांची रांग पुलापर्यंत गेली. चालक खाली उतरून एकमेकांच्या ओळखी काढू लागले. आणि काकांचा हात? तो आता धरणार कोण? "निवांत जा आजोबा, भरपूर वेळ आहे," असं म्हणून लोक पुढे जात. एवढ्या गर्दीत आपण घरातल्यापेक्षाही एकटे आहोत, असं काकांना वाटलं.

तरी ते गप्प राहिले असते. पण एके सकाळी त्या रांगेत एक रुग्णवाहिका अडकली आणि बराच वेळ केकाटत राहिली. शेवटी सुटली खरी, पण काकांच्या घशाखाली पाव उतरेना. ते तडक इंजिनिअरकडे गेले. तो खांबाखाली उभा राहून फोनवर साहेबांच्या शिव्या खात होता.

"पुन्हा मोज बाबा," काका म्हणाले.

"तुम्हालाच मोजून लावलाय ना, आजोबा?"

"मी खोटं चाललो होतो."

"खोटं चालणं म्हणजे काय?"

"थांब, खरं दाखवतो."

काका ताठ झाले आणि निघाले. वर्षानुवर्षांची पायपीट आणि स्वतःचाच आलेला राग, दोन्ही एकदम पायांत उतरलं. इंजिनिअरने बटण दाबलं तेव्हा ते पलीकडे पोचून वळलेसुद्धा होते.

"अहो, हा माणूस उडतो!" औषधवाला म्हणाला.

"पण असं केलंत का तुम्ही?" इंजिनिअरने विचारलं.

"कुणीतरी हात धरायचं," काका म्हणाले. साहेबांचा फोन पुन्हा वाजत होता. इंजिनिअरने घाईघाईने नवं माप लावलं आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी काका सरळ पाठीने कोपऱ्यावर आले. वाकण्यात आता अर्थ नव्हता. समोर बघतात तो रस्त्याच्या मधल्या दुभाजकावर माणसांची ही दाटी. कुणीही अर्ध्यावर पोचलं, की दिवा लाल. टाय लावलेले एक गृहस्थ बराच वेळ तिथेच अडकून डबा खात होते.

एवढ्यात दोन्ही हातांत पिशव्या घेतलेल्या एका जाडजूड बाईंनी एक पिशवी काकांकडे दिली आणि मोकळ्या हाताने त्यांचा दंड पकडला. "औषधवाले म्हणाले, या दिव्यात तुम्ही एकटेच पार होता. मला न्या."

दिवा हिरवा झाला. काका सुटले, बाई मागोमाग फरफटल्या. वाटेत गृहस्थांनी डब्यासकट काकांचा शर्ट धरला. कुणाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. काकांना वाईट वाटलं. हात मिळाला, पण बोलायला कुणाला श्वासच नव्हता.

पलीकडे पोचताच गृहस्थ डबा सावरत ऑफिसकडे पळाले. बाई मात्र औषधवाल्याच्या पायरीवर मटकन बसल्या.

"जरा दम खाऊ दे मला," त्या धापा टाकत म्हणाल्या. "तोवर तुम्ही बोला. घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"कुणीच नाही," काका म्हणाले, आणि जराही घाई न करता त्यांच्या शेजारी बसले.