दाखला द्या, दाखला!

चिता पेटलेली आहे, वॉर्डातले एक पुढारी भाषणाला उभे आहेत, आणि गर्दीतून कोणीतरी ओरडतंय, “दाखला द्या, दाखला!” असं अमरावतीच्या कुठल्याही मोक्षधामात ऐकू आलं तर खुशाल समजा, ढोके सर हजर आहेत.

आमच्याकडे अग्नी दिल्यावर लोक लगेच पांगत नाहीत. तिथेच शोकसभा भरते. टिनाच्या शेडखाली घाम पुसत उभं राहायचं आणि गेलेला माणूस किती मनमिळाऊ होता ते ऐकायचं. माझे पाय आता या मनमिळाऊपणाला कंटाळले आहेत. पण निवृत्त मराठी शिक्षक ढोके सर माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. त्यांना गाडी चालवता येत नाही. त्यामुळे मयत कोणाचीही असो, स्कूटर माझी.

सरांचं शास्त्र सोपं होतं. “एक मुद्दा, त्याले एक दाखला. मंग दुसरा मुद्दा. दाखल्याबिगर मुद्दा म्हंजे फोडणीबिगर वरण.” भाजीवालीनं भेंडी कोवळी आहे म्हटलं तरी ते दाखला मागत. ती बिचारी एक भेंडी कडकन मोडून दाखवी, तेव्हा कुठे पिशवी उघडायची.

अकोल्याला माझे मावसे वारले तेव्हा तर कहरच झाला. एक वक्ते म्हणाले, “ते अत्यंत दानशूर होते.”

“कोणाले काय देल्लं?” सरांनी विचारलं.

वक्ते गर्दीकडे पाहू लागले. शेवटी मागून एक म्हातारा म्हणाला, “मले छत्री देल्ली होती जी. पण वापस मांगतली.”

मावशी अजून माझ्याशी बोलत नाही. सरांना त्याचं काहीच नाही. परतीच्या वाटेवर मागच्या सीटवरून माझ्या कानात सुरूच, “शेवटचा मुद्दा पयले सांगतला त्यानं. क्रमच नाई!”

मागच्या उन्हाळ्यात सरांच्या घरच्या, ढोके काकू, गेल्या. मूलबाळ नाही, घरात दोघंच. अग्नी सरांनीच दिला. मग नेहमीप्रमाणे सभा भरली. काकू प्रेमळ होत्या, सोज्वळ होत्या, अन्नपूर्णा होत्या. एकाकडेही दाखला नव्हता. मी सरांच्या ओरडण्याची वाट पाहत होतो. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

शेवटी ते स्वतः उभे राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांची भाषणं तपासलेला माणूस आता स्वतःच्या बायकोवर काय बोलतो, याकडे सगळ्यांचे कान.

“पयला मुद्दा,” सर म्हणाले. थांबले. “पयला मुद्दा...” पुन्हा थांबले.

“मुद्दा राहू द्या. दाखलाच सांगतो. मयतीहून आलो का ही न्हाणीत पानी काढून ठेवे. मी आंगावर पानी घेतलं का दाराबाहीर उभी राहे अन् पुसे, ‘आज काय बोलले जी?’ मंग मी सारं भाषण तिले म्हणून दाखवो. कदी कटाळली नाई. आज घरी गेल्यावर...”

वाक्य पुरं न करताच ते खाली बसले. मुद्दा कोणीही विचारला नाही.

परतताना मागच्या सीटवरून एक शब्द आला नाही. त्यांच्या घरी गेलो, न्हाणीत बादली भरून ठेवली. सर आत गेले, दार लागलं. तांब्याचा आवाज आला, अंगावर पाणी पडल्याचा आवाज आला. निघावं की थांबावं, कळत नव्हतं. जीव शिणला होता, घरी माझीही आंघोळ राहिली होती.

“सर,” मी दाराबाहेरून म्हणालो, “आज काय बोलले जी?”

आत पाणी थांबलं.

“पयला मुद्दा,” सर म्हणाले, आणि मग बराच वेळ नुसतं त्यांचं रडणं ऐकू येत राहिलं. मी पाय अवघडले तरी दुसऱ्या मुद्द्यापर्यंत तिथेच उभा राहिलो.