भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची

"कादंबरी उत्तम आहे हो, पण यात ज्यू कुठे आहे?" संपादिकाबाईंनी विचारले.

"नायक ज्यू आहे," लेखक म्हणाला.

"अहो, पण दिसत नाही ना! कचेरीत जातो, बायकोशी भांडतो, गळक्या नळाखाली बादली लावतो. असं तर आमचे हेही करतात."

वर्षानुवर्षे खपून लेखकाने नेमके एवढेच साधले होते: आपल्या जातकुळीचा एक माणूस, ज्याला कुणी काचेच्या कपाटात मांडणार नाही. बाईंना मात्र कपाटच हवे होते.

"थोडी वेदना घाला. एखादा विधी. नाहीतर छापणं अवघड आहे."

घरी येऊन संतापाच्या भरात त्याने एक परिच्छेद खरडला. शुक्रवारी सांजवेळी, मेणबत्त्या लावण्यापूर्वी, नायकाची आजी एक रिकामी खुर्ची भिंतीकडे वळवते. जे परतले नाहीत ते तिच्यावर येऊन बसतात, त्यांना रडताना कुणी पाहू नये म्हणून. असा विधी पृथ्वीच्या पाठीवर कुठेही नव्हता. हा ढळढळीत चावटपणा ओळखून बाई ओशाळतील, अशी त्याची विद्वान अपेक्षा होती.

बाईंनी डोळे पुसले आणि खुर्ची मुखपृष्ठावर घेतली.

परीक्षणे आली ती खुर्चीवरच. नायक कुणाला आठवेना. वाचक खुर्ची बघायला थेट सिनेगॉगमध्ये थडकू लागले, तेव्हा लेखक तिथल्या व्यवस्थापकाकडे, म्हणजे आपल्या मामांकडे धावला. मामा एक खुर्ची पुसत होते.

"मामा, ही मी मारलेली थाप आहे!"

"मला सांगतोस? माझ्या आईनं उभ्या जन्मात खुर्ची हलवली ती ढेकूण मारायला."

"मग सांगा ना लोकांना!"

"वेड लागलंय? सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. इतकी वर्षं आम्ही सात म्हातारे एकमेकांची तोंडं बघून घरी जायचो. खुर्चीचं ऐकून आपलेच वाट विसरलेले तिघे परत आले. तुझ्या खऱ्या लिखाणानं कुणी आलं होतं का रे? तू तरी?"

लेखकाने बाहेर येऊन बाईंना फोन लावला. "नव्या आवृत्तीतून तो विधी काढा. तो खोटा आहे."

"बरं झालं तुम्हीच बोललात! चूक आहेच तिथे. काल तुमचे मामा भेटले. खुर्ची आजी नाही वळवत म्हणे, घरातला थोरला पुरुष वळवतो. तुम्ही परंपरेपासून जरा लांब राहिलात ना, होतं असं. दुरुस्त करून द्याल?"

त्या संध्याकाळी त्याने नव्या आवृत्तीच्या मुद्रितांतून आजीला खोडले आणि तिच्या जागी मामांना उभे केले. वाक्य पहिल्याहून सरस उतरले. सगळ्यात जास्त राग त्याला या गोष्टीचाच आला.