मैना विकली तर धारवाड

आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय मी घोडीवर सोपवला, हे आधीच कबूल करून टाकतो. म्हणजे पुढं तुम्ही हसायला लागलात तर मला वाईट वाटणार नाही. (वाटेलच. पण निदान तयारी असेल.)

मी देवी काढतो. सरकारी देवी खात्यात पोरांना देवीच्या रोगाची लस टोचायचं काम. राहायला खांडबाऱ्याला, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर, पण महिन्यातले वीस दिवस मी लसीची पेटी घेऊन मैना नावाच्या घोडीवर बसून नवापूरच्या डोंगराकडची गावं पालथी घालतो. गावात शिरलो की पोरं झाडावर, आया शेतात आणि म्हातारे झोपेत. ज्या माणसाला बघून तीन तालुक्यांतली पोरं पळतात, तो माणूस स्वतः किती भित्रा असेल याची त्यांना कल्पना नाही. मी पावसाला भितो, साहेबाला भितो, आणि टपालातून आलेल्या लांबट लिफाफ्याला तर फारच भितो.

तसा एक लांबट लिफाफा मार्गशीर्षाच्या सुरुवातीला धुळ्याच्या कचेरीतून आला. धारवाडला कारकुनाची जागा रिकामी आहे, पगार चढता, काम बैठं, 'इच्छा असल्यास महिनाअखेर कळवावे.'

हुकूम असता तर मी रडत का होईना गेलो असतो. पण 'इच्छा असल्यास' म्हटल्यावर माझी झोपच उडाली. धारवाड कुठं आहे हे मला नकाशात माहीत होतं, पोटात माहीत नव्हतं. स्टेशनमास्तरांनी सांगितलं की वाटेत चार ठिकाणी गाडी बदलावी लागते. पोस्टमास्तर म्हणाले, तिकडं सगळे कानडी बोलतात, आणि त्यांच्या एका साडूला तिथलं पाणी बाधून तो कायमचा बारीक झाला. मी बोटांवर मोजायला लागलो. (ही माझी जुनी खोड. काळजी लागली की बोटं आपोआप हलतात.) भाषा, पाणी, पाऊस, चार गाड्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर तिथं कोण थापणार? आजारी पडलो तर वैद्याला कुठं दुखतं ते कानडीत कसं सांगणार? दोन्ही हातांची मिळून नऊ बोटं संपली. धारवाडच्या बाजूनं एकच बोट उभं होतं, ते पेढ्यांचं. तिथले पेढे चांगले असतात म्हणे.

शेवटी बायकोला विचारलं. तापीबाई चुलीपाशी बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुमनी जशी मरजी."

लग्न झालेल्या माणसाला या तीन शब्दांचा अर्थ सांगायला नको. म्हणजे सांगता येतच नाही. मी दोन दिवस त्याचा अर्थ लावत होतो. तिला जायचं नाही, म्हणून ती अशी बोलली, असं सकाळी वाटायचं. तिला जायचंच आहे, पण आपण म्हणालो असं नको, असं संध्याकाळी वाटायचं. पुन्हा विचारायची छाती होईना, कारण दुसऱ्यांदा तेच उत्तर आलं असतं आणि भाजीत मीठ जास्त पडलं असतं.

तेव्हा मला ती युक्ती सुचली. सारंगखेड्याची यात्रा तोंडावर आली होती. तिथला घोड्यांचा बाजार केवढा, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. मी ठरवलं, मैनेला यात्रेत न्यायचं. विकली गेली तर देवाच्या मनात धारवाड आहे, कारण धारवाडला घोडी लागत नाही. नाही विकली तर खांडबारा. निर्णय देवाचा, सही गिऱ्हाइकाची, आपण मोकळे. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

यात एक बारीकशी अडचण होती. मैना मला नोकरी लागली तेव्हा सासऱ्यांनी दिलेली. सासरे सुकलालमामा तापीकाठचे, सारंगखेड्यापासून दोन कोसांवर त्यांची केळीची बाग. आपण दिलेली घोडी जावयानं विकली असं कळलं असतं तर त्यांनी मला काही म्हटलं नसतं, नुसतं बघितलं असतं. ते मला झेपलं नसतं. ते यात्रेच्या पहिल्या दिवशी जातात हे मला ठाऊक होतं, म्हणून मी तिसरा दिवस धरला.

बायकोला सांगितलं, टोचणीच्या दौऱ्यावर जातो. निघताना मैनेच्या गळ्यातली घुंगरमाळ हळूच काढून कणगीमागं ठेवली. जनावर विकलं तरी त्याची माळ घरी ठेवायची, हा आपल्याकडचा रिवाज. मग धानोऱ्याला एक मुक्काम करून, वाटभर बोटं मोजत, यात्रेच्या तिसऱ्या दिवशी सकाळी तापी नदी ओलांडून सारंगखेड्यात पोचलो.

घोड्यांच्या ओळीत मैनेला उभं केलं आणि गिऱ्हाइकाची वाट पाहू लागलो. पहिलं आलं ते एक बिऱ्हाड, नवापूरकडचं, यात्रेला आलेलं. त्यातल्या पोरानं मला पाहिलं मात्र, "देवीवाला" म्हणून जी बोंब ठोकली, की अर्ध्या घटकेत माझ्या आजूबाजूची पोरंटोरं आपापल्या आयांना ओढत गायब झाली. आयांमागं बाप गेले. सगळ्या बाजारात तुडुंब गर्दी, आणि माझ्या घोडीभोवती मात्र अंगणासारखी मोकळी जागा.

त्यातूनही रूपचंद नावाचा एक व्यापारी आलाच. त्यानं मैनेचे दात पाहिले, पाय उचलून पाहिले, पाठीवर थाप मारली आणि मान डोलावली. झालं, मला धारवाड समोर दिसायला लागलं. मी घाईघाईनं सांगितलं की घोडी चढाला दमते. तो परत फिरला. तो दहा पावलं गेला नाही तोच मला वीस दिवसांचे डोंगर आठवले, मी त्याला हाक मारली आणि दमते ती मी जड आहे म्हणून, असं समजावलं. तो परत आला. मी म्हटलं, पण लाजाळू आहे. असं तीनदा झालं. चौथ्यांदा रूपचंदनं मला नीट न्याहाळलं आणि विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना.

तेवढ्यात मागून हाक आली, "जवाईबुवा!"

सुकलालमामा. पहिल्या दिवशी येतात हे मला ठाऊक होतं. तिन्ही दिवस येतात हे ठाऊक नव्हतं.

"मैनाले आठे कसाले आनं?" त्यांनी विचारलं. इथं कशाला आणलीस, एवढाच साधा प्रश्न. खरं सांगितलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण त्यांनी मैनेच्या मानेवरून हात फिरवला आणि ती घोडी, माझी सरकारी दौऱ्यांची सोबतीण, लहान पोरीसारखी त्यांच्या खांद्यावर डोकं घासायला लागली. माझ्या तोंडून निघालं की विकायला नव्हे हो मामा, तिला जोडीदारीण बघायला आणलीय.

मामा चकित झाले. "एक मानूसले दोन घोड्या कसाले?"

प्रश्न रास्त होता. दोन घोड्यांवर एकाच वेळी बसायला मी काही सर्कशीतला नव्हे. उत्तर सुचलं नाही की माणूस बायकोचं नाव पुढं करतो. मी म्हटलं, "दुसरी तापीसाठी. दौऱ्यावर सोबत येईल ती."

मामांचे डोळे पाणावले. (माझेही पाणावले होते, पण निराळ्या कारणानं.) त्यांनी सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं सांगितलं की मन्ही आंडेर (म्हणजे लेक) धाकली व्हती तवय उघड्या पाठीवर बसून नदी ओलांडायची, लग्न झालं आणि बिचारीची हौस चुलीत गेली, पण जावई मोठ्या मनाचा निघाला. लगेच त्यांनी चुनीलाल दलालाला बोलावलं, मला धरून एका पांढऱ्या घोडीपुढं उभं केलं, आणि काय होतंय ते कळायच्या आत माझ्या हातावर रुमाल पडला.

ज्यांनी हा सौदा केला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल रुमालाखाली हात घालतो आणि बोटं दाबून आकडा सांगतो; पटलं तर आपणही बोटं दाबायची. मला ती बोटांची भाषा येत नव्हती. (कानडीसारखीच.) मी ठरवलं होतं की हात अगदी मेल्यासारखा ठेवायचा, म्हणजे सौदा आपोआप मोडेल. पण मामा शेजारी उभे, मैना बघतेय, आणि मनात धारवाड. भाषा, पाणी, पाऊस, चार गाड्या... माझी बोटं आपली एकेक करून हलत होती. चुनीलालचा चेहरा आधी गंभीर झाला, मग प्रसन्न झाला. मी पेढ्यांपाशी पोचलो तसा त्यानं रुमाल उडवला आणि सौदा झाल्याचं जाहीर केलं. तीस वर्षांत इतका ठाम माणूस पाहिला नाही, असंही म्हणाला.

अर्धे पैसे मामांनी दिले, लेकीची हौस म्हणून. तेव्हा परत करायचीही सोय उरली नाही.

एक घोडी विकून मोकळा व्हायला गेलेला मी दोन घोड्या घेऊन परत निघालो. देवाला विचारलं होतं जावं की राहावं. देवानं हे काय उत्तर दिलं ते वाटेत कुणालाही सांगता येईना. मला खरी धास्ती तापीची होती. खोटं सांगून गेलो, वर हे लचांड घेऊन आलो. तिनं भांडण केलं तर बरं, पण ती पुन्हा "तुमनी जशी मरजी" म्हणाली तर मी कुठं जाऊ, असं झालं होतं.

दारात पोचलो तेव्हा ती अंगणात ज्वारी निवडत होती. तिनं पांढऱ्या घोडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि कोणाची म्हणून विचारलं. "तुझी," मी म्हटलं. यात्रेत केलेल्या सगळ्या बोलण्यात एवढंच एक वाक्य टिकाऊ निघालं होतं. दौऱ्यावर सोबत चल, असंही पुढं चिकटवलं.

तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "महिनामा वीस दिन मी एकली दार लावस. मले धारवाड नई जोयजे व्हतं. मले तुम्ही घर जोयजे व्हतात."

तिला धारवाड नको होतं, मी घरी हवा होतो. मला खूप लाज वाटली. दहा बोटं मी इतके दिवस मोजत होतो, त्यात हे एकही बोट नव्हतं. तिनं उठून पांढरीच्या आयाळीत हात घातला. मग आत गेली, घुंगरमाळ आणली आणि मैनेच्या गळ्यात घातली. मला वाटलं, काय नीटनेटकी बाई आहे, कणगीमागचं झाडतानासुद्धा वस्तू जागेवर ठेवते.

धुळ्याला कळवून टाकलं, घरगुती अडचणीमुळे इच्छा नाही.

आणि खरं सांगतो, त्यानंतरचं वर्ष सुखाचं गेलं. पुढं पांढरीवर तापी, मागं मैनेवर मी. गावात शिरताना मला बघून पोरं पळायची ती तिला बघून थबकायची. ती ओट्यावर बसायची, आयांशी बोलायची, पोर मांडीवर घ्यायची, आणि पोर तिच्या बांगड्यांशी खेळत असताना मी टोचून मोकळा. महिनाभरात आयाच पोरं घेऊन ओळीत बसायला लागल्या. सुरुपसिंग पाटलाच्या गावात आदल्या साली मला फक्त एक बकरी भेटली होती. यंदा साहेब तपासणीला आले तेव्हा तिथं बसायला जागा नव्हती. पाटलानं साहेबांना अभिमानानं सांगितलं की देवीवाली बाई फार चांगली आहे, तिच्यासोबतचा माणूसही काही त्रास देत नाही.

साहेबांनी वहीत बरंच काही लिहिलं. मी धास्तावलो. माझी धास्ती खोटी ठरत नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा लांबट लिफाफा आला. काम उत्तम, सबब बढती, सबब बदली. धारवाड. या वेळी 'इच्छा असल्यास' नव्हतं, हुकूमच होता. मला एका परीनं बरं वाटलं. हुकमापुढं इलाज नाही, बोटं मोजायला नकोत. मग शेवटची ओळ वाचली: 'टोचणीच्या कामी पत्नीसह हजर व्हावे. पत्नी येणार नसल्यास हा हुकूम रद्द समजावा.'

मी कागद तापीला वाचून दाखवला. तिनं शांतपणे विचारलं, तुम्हाला काय वाटतं. मला काय वाटतं हे मला कधीच कळत नाही, म्हणून मी तोंडाला आलं ते बोललो, "तुझी जशी मर्जी."

ती पहिल्यांदाच खळखळून हसली. म्हणाली, गेल्या साली माळ कणगीमागं दिसली त्याच दिवशी मला कळलं होतं, तुम्ही घोडीला विचारायला चाललात.

मी खाली मान घातली. ती पुढं म्हणाली, "आते मी तुमले सारंगखेडाले लई जास. तुमले कोन्ही इकत लिधं त मी धारवाडले जासू." म्हणजे मला कुणी विकत घेतलं तरच धारवाड!

यात्रा पुढच्या पंधरवड्यात आहे. काल तिनं सहज म्हणून रूपचंदसारखे माझे दात पाहिले (तो किस्सा मीच तिला सांगितला होता), आणि कुणी विचारलं तर चढाला दमतो हे आधीच सांगून टाकायचं, असं बजावलं.