खारे की मिठाचे

शहाद्याच्या प्रकाशा रोडवरच्या कॉलनीत हेमकांत पाटलांच्या घरी एकच एसी होता, आणि तो चार माशांसाठी होता.

हेमकांत ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचा सहायक. वीस वर्षं बरणीतले मेलेले मासे पुसून कंटाळलेल्या या माणसाने डिसेंबरात सुरतेहून जिवंत मासे आणले, तेही समुद्रातले. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली एक जोडी, एक हळदीसारखा पिवळा आणि एक गर्द निळा. त्यांना दीडशे लिटरची काचेची टाकी, टाकीत समुद्रातले दगड, त्यावर निळसर दिवा. पाण्यात पोत्यातून येणारं खास मीठ मोजून घालायचं, आणि पाणी सव्वीस अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. मे महिन्यात शहाद्याला चव्वेचाळीस असतं. म्हणून एसी.

कॉलनीला हे प्रकरण पचायला जड गेलं. बोरचं खारं पाणी गोड कसं करावं या विवंचनेत सगळी घरं असताना हा एक माणूस गोड पाणी आणून त्यात मीठ कालवत होता. हेमकांतची आई मंगलाबाई पहिले आठ दिवस टाकीकडे पाठ करून बसली. मग उन्हाळा लागला, एसीच्या गारव्यात दुपारची झोप तिला आवडू लागली, आणि जाग आली की समोर मासे असायचे. पिवळ्याचं नाव तिने हळद्या ठेवलं. जोडी तिला फार आवडायची. नवरा थोडा लहान, बायको मोठी आणि तीच सगळीकडे पुढे. मंगलाबाईंना त्यात काही चुकीचं दिसलं नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात हेमकांतची बायको रोशनी हिच्या मावसबहिणीचं नाशिकला लग्न निघालं. रोशनी नाशिकचीच, त्यामुळे जाणं भाग होतं. मंगलाबाईंचे गुडघे प्रवासाला तयार नव्हते, आणि माशांनाही कोणीतरी हवं होतं. शुक्रवारी सकाळी हेमकांतने दाण्याची डबी आईच्या हातात दिली.

"माय, सकायले एक चिमूट, संध्याकायले एक चिमूट. बाकी पानीले हात लावू नको. त्यान्हामा तुले काही समजत नही."

शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती. ते त्याला गाडीत बसल्यावर जाणवलंही होतं, पण तेवढ्यासाठी कोणी गाडीतून उतरत नाही.

शनिवारी दुपारी बाराला कॉलनीला वीज देणारी डीपी जळाली. मोठा आवाज झाला, पंखे थांबले, एसी थांबला. घरात इन्व्हर्टर होता आणि टाकीत हवा सोडणारा पंप हेमकांतने मुद्दाम एकटाच त्यावर जोडला होता. तो पंप दहा मिनिटं चालला आणि बंद पडला. वायरमनने सांगितलं की नवी डीपी नंदुरबारहून येईल, संध्याकाळ होईल.

एक वाजता मंगलाबाईंनी टाकीच्या काचेला हात लावला. काच कोमट लागली. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. तिने हेमकांतला फोन केला. नाशिकला तेव्हा हळदीचा कार्यक्रम चालू होता, डीजेच्या आवाजाने मांडवाचं कापड हलत होतं. हेमकांतने खिशातून फोन काढला, आईचं नाव पाहिलं, गॅसची टाकी संपली असेल असं म्हणाला आणि फोन परत खिशात ठेवला. अर्ध्या तासाने पुन्हा वाजला. त्याने पुन्हा तेच केलं. तिसऱ्यांदा मंगलाबाईंनी फोन लावला नाही. आपल्याला त्यातलं काही समजत नाही, असं पोरगाच सांगून गेला होता. मग त्याला सांगणार तरी काय?

तिने शेजारच्या नवनीतला उठवलं. नवनीत केळीचा व्यापारी. त्याच्याकडे पिकअप होती आणि कोणत्याही कामाला नाही म्हणायची त्याची रीत नव्हती.

"नवनीत, मासा दम खाई ऱ्हायनात," ती म्हणाली. "पानी तपी गयं."

तापलं तर गार करायचं, एवढं दोघांनाही समजत होतं. नवनीत बर्फ कारखान्यातून एक लादी घेऊन आला. ती फोडून टाकीत सोडली. मासे जरा खाली गेले. दोघांना बरं वाटलं. पण बर्फ वितळला तसं पाणी काठाला आलं, म्हणून मंगलाबाईंनी तीन बादल्या पाणी काढून टाकलं. अर्ध्या तासात पाणी पुन्हा कोमट झालं. नवनीत दुसरी लादी घेऊन आला. पुन्हा बादल्या. मग तिसरी लादी. अशा रीतीने चार वाजेपर्यंत हेमकांतचा समुद्र बादलीबादलीने मोरीतून वाहून गेला आणि टाकीत शहाद्याचा बर्फ उरला. पाणी गार होतं, पण त्यात मीठ नव्हतं, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

हळद्या आधी आडवा झाला. मग निळा. पाणीच खराब झालं असेल म्हणून मंगलाबाईंनी उरलेलं अर्धं पाणी काढून पिण्याच्या फिल्टरचं चांगलं पाणी ओतलं. जोडी दगडाच्या कपारीत एकमेकांना टेकून होती. सहाच्या सुमारास ती दोघंही हलायची थांबली. सातला वीज आली आणि एसी सुरू झाला.

मंगलाबाई त्या गारव्यात बसून राहिली. नवनीतला ते बघवेना. उद्या पहाटे सुरतेला केळी घेऊन जायचंच आहे, तसेच चार मासे घेऊन येतो, हेमकांत सोमवारी येईल, त्याला काही कळणार नाही, असं त्याने सांगितलं. मंगलाबाईंनी आयुष्यात पोराशी खोटेपणा केला नव्हता. पण पोराचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि तिने होकाराची मान हलवली.

सुरतेच्या दुकानदाराने नवनीतला एकच प्रश्न विचारला: "खारा पाणीनी के मीठा पाणीनी?"

गुजरातीत मीठा पाणी म्हणजे गोडं पाणी. नवनीत केळीच्या भावापुरतं गुजराती जाणत होता. त्याने विचार केला. खारं पाणी म्हणजे आपल्या बोरचं. हेमकांत तर पाण्यात मीठ घालतो.

"मीठनाच दे," तो ठामपणे म्हणाला. "खारं ते आमना बोरलेबी शे."

दुकानदाराने गोड्या पाण्यातले चार मासे पिशवीत बांधून दिले. दोन नारिंगी, एक पिवळा, एक निळा. रंग बरोबर होते. नारिंग्यांना पट्टे नव्हते, पण नवनीतने ते फार मनावर घेतलं नाही. आणि नवल म्हणजे रविवारी संध्याकाळी टाकीत सोडल्यावर ते मासे झकास पोहू लागले. टाकीत समुद्र असता तर ते रात्र काढू शकले नसते. मंगलाबाईंच्या चुकीने नवनीतची चूक झाकली.

सोमवारी दुपारी हेमकांत घरात शिरला तो चपला न काढता टाकीपाशी गेला. एक क्षण त्याला आनंद झाला. दुसऱ्या क्षणी त्याने पाहिलं. माणसाला आपल्या घरातल्या माणसांच्या जागी दुसरी माणसं बसलेली कळावीत, तसं ते त्याला कळलं.

"पट्टा कोठे गयात?" त्याने विचारलं.

"ऊनमा उडी ग्यात," मंगलाबाई म्हणाली. तिचे डोळे लाल होते.

हेमकांतने आईकडे पाहिलं. मग तो मागच्या खोलीत इन्व्हर्टर बघायला गेला. बॅटरी कोरडी ठाक होती. एप्रिलमध्ये टाकीतलं पाणी रोज आटायचं, आणि ते भरायला त्याने बॅटरीसाठी आणलेला शुद्ध पाण्याचा कॅन हळूहळू माशांसाठीच संपवला होता. नवीन आणायचा राहून गेला होता. त्याने फोन काढून शनिवारचे दोन कॉल पाहिले. पहिला एक वाजून दहाचा, दुसरा एक चाळीसचा. त्या वेळी तो गालाला हळद लावून फोटोला उभा होता.

बाहेर येऊन त्याने आईला सांगितलं की ऊन फार आहे, असं होतं कधीकधी, पट्टे उडतात.

त्याला वाटलं, आपण आईला वाचवलं. पण मंगलाबाईंच्या मनात त्या वाक्याने वेगळंच घर केलं. पहिले दोन दिवस तिला सुटल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवसापासून तिला पोराची काळजी वाटू लागली. पाच महिने ज्यांच्यासमोर जेवला, ते मासे हा ओळखत नाही?

"इतला शिकेल माणूस," ती नवनीतला म्हणाली, "आन् सोताना मासा वळखता येत नहीत. कॉलेजमा काय करत व्हई हाऊ?"

नवनीतने हे हेमकांतच्या कानावर घातलं नाही, पण आईची नजर बदललेली हेमकांतला दिसत होती. ती त्याला औषधाच्या गोळ्या आणायला सांगायची नाही, रोशनीला सांगायची. एकदा पाहुण्यांसमोर त्याने माशांबद्दल काही सांगायला सुरुवात केली तेव्हा ती उठून आत गेली.

दोन आठवड्यांनी महिन्याचं पाणी बदलायचा रविवार आला. आता मीठ घातलं तर नवे मासे मरणार आणि नाही घातलं तर आपल्याला सगळं ठाऊक आहे हे आईला कळणार. हेमकांतने ठरवलं, तिच्यादेखत बादलीत मीठ कालवायचं आणि ती स्वयंपाकघरात गेली की ती बादली मोरीत ओतायची. त्याने तसं मीठ कालवलं, ढवळलं. मंगलाबाई टाकीशेजारी उभी होती. ती हलली नाही.

त्याने चहा मागितला. तिने जागेवरूनच रोशनीला हाक मारली. आत फोन वाजतोय असं त्याने सांगितलं. वाजू दे, असं ती म्हणाली. गुडघे दुखतील, बस, असं त्याने सुचवलं. तिने टाकीचा काठ धरला. पाव तास ती दोघं बादलीच्या दोन बाजूंना उभी राहिली. शेवटी नाइलाजाने हेमकांतने बादली उचलली आणि टाकीच्या काठाला टेकवली. मंगलाबाईंनी त्याचं मनगट घट्ट धरलं. दोन आठवडे मीठ न घालताच हे मासे तगले, एवढं तिने ताडलं होतं.

"नको टाकू. मरी जातीन त्या."

हेमकांतने बादली खाली ठेवली.

"माले माहीत शे, माय."

"काय माहीत शे?"

"ह्या आपला मासा नहीत."

"कव्हयपाईन?"

"उनू त्याच दिनपाईन."

मंगलाबाई खुर्चीवर बसली. दोन आठवडे ज्याला ती बिनडोक समजत होती, तो सगळं जाणत होता. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली की मासे तिने मारले, बर्फ तिने घातला. हेमकांत म्हणाला की नाही, त्याने मारले, बॅटरी कोरडी होती आणि फोन त्याने उचलला नव्हता. ती म्हणाली, बादल्या तिने उपसल्या. तो म्हणाला, तिला काही समजत नाही असं बोलून गेला नसता तर तिने तिसरा फोन केला असता. दोघांचेही आवाज चढले. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटलं असतं की एकमेकांवर आळ घेताहेत. प्रत्यक्षात दोघंही तो आळ एकमेकांच्या हातून ओढून घेत होते.

चहा घेऊन आलेली रोशनी दारातच थांबली होती.

"नाशिकला जायच्या आधी इन्व्हर्टरचा लाल दिवा आठवडाभर लागत होता," ती म्हणाली. "मला दिसत होता."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"मी बोलले नाही. म्हटलं, पडू दे एकदा बंद. मग तरी ह्यांचं लक्ष जाईल आणि त्या इन्व्हर्टरवर आपलाही पंखा लागेल. असं होईल असं नव्हतं वाटलं मला."

तिने चहा टेबलावर ठेवला. कोणी घेतला नाही. घरात आरोपी तीन झाले होते आणि फिर्यादी एकही उरला नव्हता. टाकीत नवे चौघे निवांत फिरत होते.

हेमकांतने विचारलं, मेलेल्या चौघांचं काय केलं. मंगलाबाईंनी सांगितलं की उकिरड्यावर टाकायला तिचं मन झालं नाही. एका डब्यात मीठ-पाणी केलं, पोत्यातलंच मीठ, आणि चौघांना त्यात ठेवलं. रविवारी पहाटे नवनीत सुरतेला निघाला तेव्हा ती त्याच्या गाडीत प्रकाशापर्यंत गेली. पुलाखाली उतरून तिने डबा तापीत सोडला. उघडून बघायची हिंमत झाली नाही म्हणून झाकणासकट सोडला, आणि पहिल्या एसटीने घरी परत आली.

"तो माझा पोळ्यांचा डबा होता का?" रोशनीने हळूच विचारलं. "मी दोन आठवडे शोधतेय."

मंगलाबाईंनी हो म्हणून मान हलवली.

"तापी समुद्रले मियस ना रे?" मंगलाबाईंनी पोराला विचारलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच ती त्याला जाणता समजून काही विचारत होती.

"मियस. सुरतजोडे."

"मंग जातीन घर."

प्रकाशाला बंधारा आहे. मे महिन्यात त्याची दारं बंद असतात आणि पाणी जागचं हलत नाही, हे हेमकांतला माहीत होतं. त्याने खाली वाकून मिठाच्या पाण्याची बादली मोरीत ओतायला उचलली.

"जातीन, माय," तो म्हणाला. "जरासा टाइम लागी."