मारोतरावांची जर्मन पलटण

आमच्या जवळा बाजार गावातल्या एका लग्नात मारोतरावांनी नवरीच्या बापाला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "बाकी सगळं बराबर हाय. पण तेरावीचं काय केलं?"

नवरीच्या बापाच्या हातातली सुपारी खाली पडली. अक्षता पडायच्या आधी भर मांडवात तेराव्याची चौकशी! दोघातिघांनी मारोतरावांना धरून मांडवाबाहेर नेलं. मारोतरावांनी ते मनाला लावून घेतलं नाही. ते तेरावी कंपनी म्हणत होते. जर्मन पायदळातली तोफांची कंपनी. म्हणजे इथं रश्श्याची पातेली. ती पंगतीच्या अगदी पुढ्यात मांडली होती. तोफ मागं आडोशाला असावी आणि तिथून पुढं मारा व्हावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मारोतराव माझे शेजारी. सोयाबीन, कापूस आणि दारात पाचसहा शेळ्या. जर्मनी तर सोडाच, कळमनुरीला जायचं म्हटलं तरी त्यांना आदल्या दिवसापासून टेन्शन येतं. पण दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पायदळाची मांडणी त्यांना तोंडपाठ. फोनवर हिंदी व्हिडिओ ऐकून ऐकून पाठ केलेली. रायफलवाल्या तीन कंपन्या, की चौथी मशीनगन आणि उखळी तोफांची. अशा बारा झाल्या की तेरावी तोफांची आणि चौदावी रणगाडे फोडणारी. माझ्या बी-बियाणांच्या दुकानात तणनाशक घ्यायला आलेलं गिऱ्हाईक ही माहिती घेतल्याशिवाय परत जात नसे.

"मारोतराव, तुमी जर्मनांच्या बाजूनं हाव का?" एकानं विचारलं.

"छ्या! लई वंगाळ वागले ते. हरले तेच बेस झालं," मारोतराव म्हणाले. "मी फक्त मांडणी बघून राहिलो."

सोयाबीनच्या मळणीला तर त्यांनी मजुरांसमोर भाषणच केलं. "दहा माणसांच्या टोळीत मशीनगन एकच. बाकीच्यांनी तिला गोळ्या पुरवायच्या, तिला सांभाळायचं. ती थांबली की टोळी संपली. आपली मशीनगन म्हणजे हे मळणी यंत्र. समजलं?"

"समजलं," मजूरबाया म्हणाल्या.

थोड्या वेळानं यंत्राचा पट्टा तुटला. बाया बाभळीखाली जाऊन बसल्या आणि पानाचा डबा निघाला. मारोतराव धावत आले. "अगं, बसल्या काहून?"

"भाऊ, टोळी संपली," गंगूबाई म्हणाली.

आभाळ भरून आलं होतं, सोयाबीन उघड्यावर होतं आणि त्या रानात एकटे मारोतराव खूश होते. "बघा, म्हणलं नव्हतं?" हे त्यांनी मला त्या दिवशी तीनदा तरी ऐकवलं.

त्यांची बायको, कमलवहिनी, दोन वर्षांपूर्वी गेली. एकुलता मुलगा संतोष फौजेत, कुठंतरी लांब उत्तरेला. वहिनी गेल्यावर हे जर्मन घरात शिरले. रिकाम्या घरात माणूस काहीतरी धरून बसतो, असं म्हणून आम्ही ते सोडून दिलं होतं.

परवा रविवारी दुपारी फवारणी पंपाचा वायसर द्यायला मी त्यांच्याकडं गेलो. मारोतराव चुलीपुढं भाकरी थापत होते. मी बसल्याबरोबर त्यांनी सुरू केलं, "उखळी तोफ माहीत हाय का? तिचे तीन भाग करून तिघं पाठीवर नेतात. नळी, पाय अन् खालचं ताट." तेवढ्यात संतोषचा दर रविवारचा फोन आला. हात पिठाचे, म्हणून त्यांनी करंगळीनं स्पीकर लावला.

"अण्णा, जेवलात का?"

"जेवतो आता. तू?"

"जेवलो."

मारोतरावांनी थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाले, "संतोष, ती जर्मन उखळी तोफ. तिचे दोन भाग करून दोघंच नेत व्हते ना?"

मी तोंड उघडलं. मारोतरावांनी पिठाचा हात वर करून मला गप्प केलं.

"अण्णा!" तिकडून संतोष हसला. "दोन कुठले? तीन! किती वेळा सांगू?" आणि तो जो सुटला तो थांबेचना. नळी कशी धरायची, पाय कसे रोवायचे, चढावर कोणी पुढं चालायचं. मारोतराव मधूनमधून "असं व्हय?" म्हणत होते.

"अन् ताट सगळ्यात वाईट, अण्णा. चढावर खांदा सोलून निघतो..." संतोष थांबला. "म्हणजे, त्या लोकांचा."

मारोतरावांचा हात परातीत तसाच राहिला.

"मंग खांद्याला काही लावतात का ते लोक?"

"लावतात. खोबरेल."

"रोज?"

"रोज लावतात, अण्णा."

"मंग बराबर हाय."

फोन बंद झाला. तव्यावरची भाकरी करपली होती. ती त्यांनी काढून शेळ्यांसाठी बाजूला ठेवली.

"कमल व्हती तवर फोनवर तीच बोलायची," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "मी नुसता बाजूला बसायचो. ती गेली अन् फोन माझ्या हातात आला. जेवलास का, जेवलो, की संपलं. एकदा इचारलं, तुझं काम तरी काय असतं? तर म्हणला, अण्णा, आमच्या पलटणीचं घरी सांगता येत न्हाई. बराबर हाय, न्हाईच सांगायचं. मंग मी अशी पलटण हुडकली, जी आता कुठंच न्हाई."

मी वायसर पाटावर ठेवला. मारोतरावांनी नवा गोळा घेतला आणि थापायच्या आधी विचार करत विचारलं,

"भाऊ, तुमीच सांगा. पुढच्या रविवारी काय चुकवावं?"