डॉक्टरांची लवंगी

लोणावळ्याला आमच्या शेजारी राहणारे त्र्यंबक डॉक्टर माझ्याकडून वाटीभर रवा नेत, तो बंदुकीत भरायला.

हे मला पुष्कळ उशिरा कळलं. लग्न होऊन मी नुकतीच त्या गावात आले होते. ह्यांची नोकरी रेल्वेत. शेजारचे एकटे राहणारे गृहस्थ रवा नेतात, तर शिरा करून खात असतील, असं मी धरून चालले होते. एकदा वाटीवर चार बेदाणे आणि वेलदोडे ठेवून पाठवले. डॉक्टर ते परत घेऊन आले आणि गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, बेदाण्यानं नळी खराब होईल."

डॉक्टर होमिओपॅथीचे. त्यांच्या दोन्ही गोळ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध होत्या. एकीनं माणूस मरत नसे आणि दुसरीनं डुक्कर.

गावातला एक पारशी गृहस्थ बंगला विकून जाताना आपली जुनी रायफल डॉक्टरांना देऊन गेला होता. रीतसर परवाना होता. डॉक्टरांनी पुण्याच्या एका कारागिराकडून तिला नवी, बारीक भोकाची नळी बसवून घेतली. आता ह्या नळीत बसेल असं काडतूस जगात कुठल्याच दुकानात मिळेना. दुसऱ्या कुणी कपाळावर हात मारून घेतला असता. डॉक्टरांना आनंद झाला. "बाजारचं काडतूस म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा," ते म्हणत. "आपलं आपण शिवावं."

मग शिवणकाम सुरू झालं. मोठ्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या ते कुठून कुठून गोळा करत. चिंच लावून घासत. माझे सांडगे वाळत असले की त्यांच्याच शेजारी धोतराच्या पानावर त्या मांडत. पुंगळीचा गळा स्टोवर लाल करायचा, पाण्यात टाकायचा, एरंडेल चोळायचं आणि पोलादी साच्यात दाबायचा. जाड मानेची पुंगळी सुरईसारखी निमुळती होऊन बाहेर येई. दहांतल्या चार फुटत. फुटलेल्यांवर डॉक्टर रागवत नसत. "हिची प्रकृतीच नाजूक होती," एवढंच म्हणत.

त्यानंतर माझ्या रव्याची पाळी. पुंगळीत चिमूटभर दारू, वर रवा, वर मेणाचं बूच. हा गोळीविना बार हवेत काढला की आतल्या जोरानं पुंगळी पुरीसारखी फुगे आणि रायफलीच्या पोटात जशी जागा असेल तसा नेमका आकार घेई. बार झाला की आमच्या परसात खमंग वास सुटायचा. आमच्याकडे आलेले पाहुणे आशेनं स्वयंपाकघराकडे बघायचे.

अशा तऱ्हेनं, गोळी आणि दारू कमीजास्त करून, डॉक्टरांनी तीन जातींची काडतुसं घडवली होती. ठेंगणी, सुरई आणि लवंगी. ठेंगणीवर त्यांचा फारसा जीव नव्हता. सुरई जनावरासाठी. पण लाडकी म्हणजे लवंगी. गोळी एवढीशी, मागे दारू भरपूर. औषधाच्या तराजूत दारूचा कण न् कण तोलताना ते मला बोलावून दाखवत. "मात्रा बघा, वहिनी, मात्रा." मला दारूतलं काय कळणार? मी जिऱ्याकडे बघावं तशी बघायची आणि छान आहे म्हणायची.

मागच्या टेकडीच्या पायथ्याशी पत्र्याच्या झाकणावर चुन्याचा ठिपका काढलेला असे. त्यावर ते ओट्यावरून नेम धरत. वारा किती आहे हे बघायला माझी वाळत घातलेली लुगडी त्यांना लागत. मी लुगडी काढायला गेले की पालथे पडल्या पडल्या म्हणत, "तेवढं हिरवं घटकाभर राहू द्या. पदर फार चांगला बोलतोय." एका रविवारी लष्करातला एक साहेब विलायती काडतुसं घेऊन पैज लावायला आला. डॉक्टरांनी लवंगीच्या सहा गोळ्या अशा मारल्या, की सगळी भोकं एका बत्ताशाखाली झाकली जावीत. साहेबानं टोपी काढली. मग तोही रव्याची चौकशी करू लागला.

हा असा नेम. आणि तरीही औंढ्याचं डुक्कर त्यांच्या हातून मरेना.

जवळच्याच औंढ्याला कोंडीबा नावाचा शेतकरी होता. भात पिकायला आलं की त्याच्या शिवारात रानडुकरं उतरायची. दरवर्षी त्याची बैलगाडी डॉक्टरांच्या दाराशी लागे, डॉक्टर तराजू, डबे आणि रायफल घेऊन जात, आठ-आठ दिवस राहत आणि हात हलवत परत येत. कधी हवा दमट, कधी दारूला ऊन लागलेलं, कधी डुकरानंच ऐन वेळी मान फिरवलेली.

एका वर्षी सुरईची मात्रा अगदी जमली म्हणून त्यांनी आग्रहानं ह्यांना आणि मला बरोबर नेलं. दिवस कलला होता. आम्ही मचाणावर बसलो होतो. समोरच्या खाचरात भात हललं आणि मोठं थोरलं डुक्कर बांधावर येऊन आडवं उभं राहिलं, इतकं जवळ की मी लाटणं फेकून मारलं असतं. डॉक्टरांनी शांतपणे नेम धरला. बार झाला. डुकराच्या पाठीवर हातभर उंच, मागच्या दरडीची माती उडाली आणि सगळा कळप डोंगराकडे उधळला.

डॉक्टरांनी बोट ओलं करून हवेत धरलं. हवा दमट आहे म्हणाले. कोंडीबानंही आभाळाकडे बघून मान डोलावली. लय दमट म्हणाला. ह्यांना हसू आवरेना.

रात्रीच्या जेवणासाठी कोंडीबाची आई, ठकूबाई, चुलीपुढे भाकरी थापत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. मला राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, दरवर्षी हे असंच होतं. तुम्ही दुसऱ्या कुणाला का बोलवत नाही?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि बाहेर नजर टाकली. डॉक्टर ओसरीवर घरातल्या माणसांत बसून चुकलेल्या नेमाची कारणं रंगवून सांगत होते आणि सगळे मन लावून ऐकत होते.

"नेम चुकतो व्हय त्येंचा?" ठकूबाई हळूच म्हणाली. "त्या झाडावरचं शिताफळ त्येंनी हितनं गोळीनं देठात तोडलंय. डुक्कर मेलं तर मग बोलावणं कशाला यायचं, सांगा. घरात हाय कोन त्येंच्या? बार काढला की डुकरं चार दिस फिरकत न्हाईत. भात वाचतंय. आन मानूस चार मान्सांत जेवतंय."

"त्यांना ठाऊक आहे, तुम्हाला कळलंय ते?"

"न्हाई. तुमी बी सांगू नगा."

मी सांगितलं नाही. लोणावळ्याला डॉक्टर कसे जेवतात हे मी इतकी वर्षं बघत होते. पत्नी जाऊन पुष्कळ काळ झालेला, मुलगा नागपूरकडे. उभ्या उभ्याच दूधभात. आमच्याकडे बोलावलं तर 'पुन्हा केव्हातरी' म्हणत. बिनकामाचं कुणाच्या पंगतीला बसायला त्यांना फार संकोच वाटे.

पुढे लढाई सुरू झाली आणि परदेशी दारूचे डबे येईनासे झाले. शेवटची लवंगी उडवून डॉक्टरांनी रायफल तेल लावून कपाटात ठेवली. माझ्याकडे रवा मागायला येणं थांबलं. त्या वर्षी भात पिवळं पडू लागलं तसे ते दिवसभर ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत. कुणाची वाट बघताय का, असं ह्यांनी विचारलं तर म्हणाले, "छे, आता कोण येतंय. नुसत्या डॉक्टराचं डुकराला काय भय?"

गाडी आली ती दुपारी. मी अंगणातच होते. कोंडीबा उतरला, डुकरं लय माजलीत म्हणाला. डॉक्टरांनी दारू संपल्याचं, बंदूक बंद असल्याचं त्याला समजावून सांगितलं. दोन्ही हात रिकामे करून दाखवले. कोंडीबा ऐकून घेत होता. मग म्हणाला, "बंदूक ऱ्हाऊ द्या घरात. तुमी चला. आईनं तांदूळ कांडून ठिवलाय."

डॉक्टरांनी चष्मा काढून धोतरानं पुसला, पुन्हा घातला. मग एकदम घाईनं आत गेले आणि धुतलेला कोट घालून, दाराला कुलूप लावून बाहेर आले. किल्ली माझ्या हातात दिली.

"वहिनी," ते म्हणाले, "मी जरा घरी जाऊन येतो."

आणि लगबगीनं गाडीत चढून कोंडीबाशेजारी बसले.